व्यसन आणि व्यथा

महानुभाव पंथात उपदेश घेणाऱ्या स्त्री-पुरुषाला आरंभीच सप्तव्यसनांचा त्याग सांगितला जातो. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन या सातांपैकी मद्याच्या त्याज्यतेविषयी पंथात दुमत नाही. परमेश्वराचे स्मरण हाच ज्याने जीवनाचा मुख्य व्यापार मानला, त्याने स्मृती बुडविणाऱ्या द्रव्याला हात लावू नये, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. तेव्हा प्रस्तुत प्रश्न त्याज्यतेचा नाही. उपदेशी घरातला विशी-बाविशीचा मुलगा नियम मोडून पिऊ लागला, सांगूनसवरून व दटावूनही थांबेनासा झाला, तर त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न आहे. त्याच्या हातून घडणारा दोष आणि त्याच्या मनात चाललेले दुःख यांचा परस्परांशी काही कार्यकारणसंबंध आहे काय? आणि असेल, तर आईबापांचे, उपदेशी मंडळींचे व मठाचे कर्तव्य काय ठरते?

या प्रश्नाला व्यवहारात दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की, हा दोषी आहे. त्याने नियम जाणून मोडला. त्याला दूर ठेवावे म्हणजे त्याची बुद्धी ठिकाणावर येईल. दुसरे उत्तर अलीकडच्या शिक्षितांचे आहे : हा रोगी आहे, रोग्याला दोष देऊ नये, त्याला दवाखान्यात पोहोचवावे आणि धर्माने यात पडू नये. दृष्टांतपाठातील जात्यंधांचा व हत्तीचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा दार्ष्टांतिक परमेश्वराच्या ज्ञानासंबंधी आहे आणि तो तेथेच राहिला पाहिजे. तथापि एका अवयवालाच संपूर्ण वस्तू समजण्याची जी चूक त्यात दाखविली आहे, ती चूक माणसाच्या दुःखाविषयी बोलतानाही होते. ज्याच्या हाताला दोष लागला तो दोषच सांगतो, ज्याच्या हाताला रोग लागला तो रोगच सांगतो. पिणारा तरुण मात्र एकच असतो आणि दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र नांदत असतात.

शब्दाची साक्ष

'व्यसन' या शब्दाचा आजच्या मराठीतील अर्थ 'वाईट सवय' एवढाच उरला आहे. संस्कृतात या शब्दाला दुसरा आणि तितकाच रूढ अर्थ आहे : संकट, आपत्ती, विपदा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण 'व्यसनाधिकारिक' या नावाचे आहे. त्यात राज्यावर येणाऱ्या आपत्तींचा विचार आहे आणि त्याच अधिकरणात शिकार, द्यूत, स्त्री व मद्यपान या पुरुषाच्या व्यसनांचाही विचार आहे. जे माणसाला श्रेयापासून दूर फेकून देते ते व्यसन, अशी त्या शब्दाची उपपत्ती कौटिल्य सांगतो. दुष्काळ राज्याला दूर फेकतो, मद्य राजाला दूर फेकते. म्हणून दोहोंना नाव एकच.

प्राचीनांनी एका शब्दात हे दोन अर्थ ठेवले, यात विचाराला मोठी जागा आहे. ज्याला व्यसन लागले त्याच्यावर व्यसन ओढवले आहे, असे हा शब्द सांगतो. पुढे मराठीने एक अर्थ राखला व दुसरा सोडला. त्याबरोबर समाजाच्या मनातूनही अर्धी गोष्ट निसटली. मुलगा पितो हे गावाला दिसते. त्याच्यावर काही आपत्ती आली आहे काय, हे विचारायचे राहून जाते.

वैद्यकशास्त्र काय सांगते

मद्याने दुःख हलके होते, असे पिणारा म्हणतो. त्याचे हे म्हणणे पहिल्या एक-दोन तासांपुरते खरे असते आणि म्हणूनच ते घातक ठरते. मेंदूत काही द्रव्ये शामक आहेत, काही उत्तेजक आहेत. मद्य 'गाबा' या शामक द्रव्याचे कार्य वाढविते आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजक द्रव्याचे कार्य दडपते. त्यामुळे छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटते, लाज व भीती ओसरते, डोळा लागतो. परंतु रोज पिणाऱ्याच्या मेंदूला या बाहेरच्या शामकाची सवय होते. तो आपले शामक कार्य कमी करतो व उत्तेजक कार्य वाढवितो. मद्याचा अंमल उतरला की हे वाढलेले उत्तेजन मोकळे सुटते. पहाटे दचकून जाग येणे, हात कापणे, छाती धडधडणे, कारणावाचून धास्ती वाटणे, ही त्याची चिन्हे होत. रात्री लवकर लागलेली झोप उत्तररात्री मोडते. झोप मोडलेल्या माणसाला दुसरा दिवस जड जातो आणि जड दिवसाची संध्याकाळ पुन्हा त्याच दुकानाकडे वळते. जे दुःख विसरण्यासाठी प्यावे, तेच दुःख दुसऱ्या दिवशी अधिक होऊन परत येते.

यावरून दुःखामुळे मद्य की मद्यामुळे दुःख, असा वाद वैद्यकशास्त्रातही झाला. एडवर्ड खांत्झियन या अमेरिकन मनोवैद्यांनी 1985 साली असे प्रतिपादन केले की, पुष्कळसे व्यसनी लोक सुखासाठी व्यसन करीत नाहीत; न सोसवणाऱ्या मनोव्यथेवर ते स्वतःच स्वतःचे औषध योजीत असतात. दुसऱ्या बाजूने मार्क शुकिट यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले की, अतिमद्यपानाने स्वतंत्रपणेही गाढ उदासीनता उत्पन्न होते आणि मद्य पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांत अशी उदासीनता पुष्कळांच्या बाबतीत आपोआप निवळते. म्हणून जाणता वैद्य रोग्याचे मद्य थांबवून दोन ते चार आठवडे त्याच्या मनाची स्थिती पाहतो. उदासीनता निवळली तर ती मद्याची होती. टिकून राहिली तर ती आधीपासूनची व स्वतंत्र उपचाराची आहे. दोन्ही मते आपापल्या ठिकाणी खरी आहेत. व्यथा मद्याकडे नेते, मद्य व्यथा वाढविते आणि हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे त्याचा आरंभ कोठे झाला हे पिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तरुणाच्या बाबतीत हे चक्र अधिक वेगाने फिरते. विवेक, संयम व परिणामांचा विचार ज्या भागावर अवलंबून आहे, तो मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत पक्व होत असतो. अमेरिकेत झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात असे आढळले की, आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश विकारांचा आरंभ 24 व्या वर्षापर्यंत होऊन जातो. पहिला पेला हातात येण्याचे वयही बहुधा हेच. शिक्षण, नोकरी, विवाह यांविषयीचे निर्णय याच वर्षांत व्हायचे असतात. स्पर्धा परीक्षेतील दोन-तीन अपयशे, बापाच्या नावावरचे शेतीचे कर्ज, शहरातल्या खोलीतील एकटेपणा, मोडलेले लग्न, ही शल्ये याच वर्षांत लागतात. व्यथा नवी असते, ती सांगण्याची भाषा अजून आलेली नसते आणि मद्य मात्र चौकात मिळते.

प्रश्नाचा विस्तारही लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले सर्वेक्षण 2019 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार 10 ते 75 या वयोगटातील सुमारे 14.6 टक्के, म्हणजे सोळा कोटींच्या आसपास लोक मद्य घेत होते आणि पावणेसहा कोटींच्या जवळपास लोकांचे पिणे अपायकारक किंवा पराधीनतेच्या कोटीतले होते. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की, मद्यविकाराने ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे 86 टक्के लोकांपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेला नव्हता. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर मद्य व अमली द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. शासनाच्या कायद्याने व्यसनाचा जुना दुसरा अर्थ असा पुन्हा जागा केला.

प्रभासक्षेत्रीचे दोन मार्ग

शास्त्रदृष्टीने पाहता हा विषय नवा नाही. श्रीकृष्णचक्रवर्तींच्या अवतारलीळेच्या अखेरीस घडलेला यादवांचा संहार सर्वश्रुत आहे. त्यातील तीन गोष्टींकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

पहिली गोष्ट अशी. तरुण यादवांनी ऋषींची थट्टा केली, शाप मिळाला, आणि त्यानंतर द्वारकेत दवंडी पिटली गेली की यापुढे कोणीही मद्य तयार करू नये. जो करील त्याला बांधवांसह सुळावर चढविले जाईल. ही आज्ञा स्वतः श्रीकृष्ण, बलराम, उग्रसेन व बभ्रू यांच्या नावाने निघाल्याचे महाभारताचे मौसलपर्व सांगते. इतक्या कडक बंदीनंतरही यादव प्रभासक्षेत्री गेले ते मद्य घेऊनच गेले. बंदी व्यर्थ होती असा याचा अर्थ नाही. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 साली आली व 2021 साली उठली. दारू सहज मिळेनाशी झाली तर नवे पिणारे कमी होतात आणि घरातील स्त्रिया-मुलांना श्वास घेता येतो. म्हणून बंदीची मागणी करणाऱ्या माताभगिनींचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे. परंतु बंदी दुकानाचे दार लावते. मनातील जे भय माणसाला त्या दारापर्यंत घेऊन जाते, त्यावर तिची सत्ता चालत नाही. द्वारकेवर शापाचे भय होते, रोज अपशकुन दिसत होते आणि आपला अंत जवळ आला आहे हे सर्वांना कळत होते.

दुसरी गोष्ट त्याहून मर्मभेदी आहे. प्रभासक्षेत्री कलह सुरू झाला तो कोणत्या विषयावरून? सात्यकीने कृतवर्म्याला झोपलेल्या वीरांच्या हत्येबद्दल हिणविले. कृतवर्म्याने सात्यकीला, प्रायोपवेशनास बसलेल्या भूरिश्रव्याला मारल्याबद्दल हिणविले. भारती युद्ध होऊन तेव्हा छत्तीस वर्षे लोटली होती. छत्तीस वर्षे ती शल्ये उरात होती, कोणी ती उघड केली नव्हती, कोणी त्यांचे प्रायश्चित्त घेतले नव्हते. मद्याने ती बुजविली नाहीत. भरल्या सभेत उघडी पाडली, आणि हाती लागलेल्या एरका गवताची मुसळे झाली. आजही ज्या घरात मुलगा पिऊन येतो, त्या घरातील रात्रीचे भांडण ऐकावे. वाद ताटावरून सुरू होतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या अपमानापाशी जाऊन थांबतो. दिवसा त्या अपमानाविषयी कोणीही बोललेले नसते.

तिसरी गोष्ट उद्धवदेवांची. भागवताच्या ज्या एकादश स्कंधात यादवांच्या मद्यपानाची व संहाराची कथा आहे, त्याच स्कंधात उद्धवदेवांना झालेले ज्ञाननिरूपण आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी आपली उद्धवगीता त्याच्याच आधारे रचली. द्वारकेवर येणारे संकट उद्धवदेवांनाही दिसत होते. स्वामींचा वियोग क्षणभरही सोसणार नाही, अशी त्यांची अवस्था होती. दुःख म्हणून मोजले तर ते इतर यादवांच्या दुःखाहून मोठेच होते. परंतु उद्धवदेव ते दुःख घेऊन एकांतात श्रीकृष्णांजवळ गेले, चरणांवर मस्तक ठेवले आणि जे मनात होते ते बोलले. श्रीकृष्णांनी त्यांना गप्प बसविले नाही. प्रश्नामागून प्रश्न विचारू दिले, उत्तरे दिली, आणि अखेरीस बदरिकाश्रमाचा मार्ग दाखविला. एकच नगरी, एकच काळ, एकच संकट. काहींनी ते दुःख पेल्यात नेले, एकाने ते स्वामींपाशी नेले. त्यांच्या पुढील गतीत जे अंतर पडले ते दुःखाच्या कमी-अधिकपणामुळे पडले नाही. दुःख कोठे नेले, यामुळे पडले.

येथेच या विषयाचे तत्त्व हाती लागते. मनुष्य दुःखात आश्रय शोधतो, हा जीवाचा स्वभाव आहे आणि त्यात दोष नाही. मद्य हा चुकीचा आश्रय आहे. देवतांची फळेसुद्धा नाशिवंत आहेत, भोग सरला की जीव पुन्हा खाली येतो, असे ज्या शास्त्राने शिकविले, त्याला चार घटकांच्या विसाव्याची किंमत काय आहे हे सांगावयास नको. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी उतरण दाखविली आहे, तिच्यात स्मृतिभ्रंश ही बुद्धिनाशाच्या लगतची पायरी आहे. मद्यपी नेमका स्मृतिभ्रंशच विकत घेत असतो. महानुभावाचा सारा आचार स्मरणावर उभा आहे. म्हणून मद्याचा आणि या आचाराचा विरोध मुळातला आहे. पण हेही ध्यानात घेतले पाहिजे की, ज्याच्या मनात स्मरण करण्याजोगे काही उरले नाही, जे आठवते ते टोचतेच, त्यालाच विस्मरण गोड वाटते. त्याच्या हातातून पेला काढून घेताना त्या हातात काही ठेवावे लागते.

तीन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल की, व्यसनाला व्यथेचे कारण जोडले तर प्रत्येक पिणाऱ्याला सबब मिळेल. आक्षेप खरा आहे, कारण अशा सबबी सांगितल्या जातातच. परंतु कारण सांगणे आणि कर्तव्यातून सुटणे या भिन्न गोष्टी आहेत. पाय मोडलेल्याला चालता येत नाही हे मान्य केले, तरी हाड बसविताना पाय स्थिर ठेवण्याचे काम त्यालाच करावे लागते. व्यथित तरुणावरचे कर्तव्य टळत नाही, त्याचा आरंभ बदलतो. ज्याला आज पेला टाळता येत नाही त्याने निदान आपली स्थिती लपवू नये, मदत नाकारू नये; त्याच्या स्वातंत्र्याचा जो अंश शिल्लक आहे तो येथे आहे. त्याच वेळी इतरांवरचे कर्तव्य वाढते. जोवर मुलगा केवळ दोषी होता तोवर घर व मठ न्यायाधीशाच्या आसनावर बसू शकत होते. तो व्यथित आहे असे कळल्यावर ते आसन सोडावे लागते.

दुसरा आक्षेप कर्माच्या नावाने येतो. हा त्याचा कर्मभोग आहे, तो भोगल्यावाचून सरणार नाही, मध्ये पडून काय होणार? परंतु कर्मसिद्धांत मनुष्याला स्वतःच्या दुःखात धैर्य यावे म्हणून आहे. शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्याची ती परवानगी नाही. बुडणाऱ्याला काठावरून कर्माची महती सांगणारा मनुष्य स्वतःचे कर्म त्या क्षणी वाढवीत असतो.

तिसरा आक्षेप आचाराच्या बाजूचा आहे. वैद्य प्रथम कमी करा म्हणतो, पंथ पूर्ण सोडा म्हणतो; वैद्याचे ऐकले तर नियम ढिला पडेल. येथे दोहोंचा विषय वेगळा ओळखला पाहिजे. नियम मुक्काम सांगतो, वैद्य त्या मुक्कामाकडे जाणारी पावले मोजतो. ऋद्धिपूरला निघालेला यात्रिक वाटेत एका गावी थांबला म्हणून त्याने ऋद्धिपूर सोडले असे होत नाही. उपदेशी मनुष्याला मद्याचा पूर्ण त्यागच विहित आहे, यात तडजोड नाही. तो त्याग कोणत्या क्रमाने व कोणाच्या देखरेखीखाली करावा, हे शरीराच्या जाणकाराने ठरवावे.

या संदर्भात एक गोष्ट महंत व उपदेशी मंडळींनी आवर्जून लक्षात ठेवावी. अनेक महिने वा वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने मद्य एकाएकी बंद केले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. भ्रम होऊन नसलेल्या वस्तू दिसू लागतात. उपचार न मिळाल्यास प्राणही जाऊ शकतो. अशा मनुष्याने भावनेच्या भरात नेम घेतला आणि घरच्यांनी त्याला खोलीत बंद करून ठेवले, तर पुण्याच्या इच्छेने अनर्थ ओढवेल. सकाळी उठताच हात कापतात व पेला घेतल्यावर थांबतात, असे ज्याच्या बाबतीत दिसते, त्याला नेम देताना त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात वा व्यसनमुक्ती केंद्रात पोहोचविले पाहिजे. तेथे औषधे व जीवनसत्त्वे देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो. यात श्रद्धेला उणेपणा येत नाही.

अनुताप आणि आत्मधिक्कार

दोष घडल्यावर अनुताप व प्रायश्चित्त, हा पंथाचा मार्ग आहे. पण अनुताप आणि आत्मधिक्कार यांतील भेद या विषयात फार महत्त्वाचा ठरतो. अनुतापी मनुष्य म्हणतो, माझ्या हातून वाईट घडले. तो घडलेल्या कर्माकडे बोट दाखवितो आणि त्यातून उठण्याची दिशा धरतो. आत्मधिक्काराने ग्रासलेला म्हणतो, मीच वाईट. त्याला उठण्याचे प्रयोजनच उरत नाही. पहिल्याची पायरी परमेश्वराकडे जाते. दुसऱ्याची पायरी पुन्हा पेल्याकडे जाते, कारण स्वतःविषयीची ही घृणा विसरण्याचा सोपा उपाय त्याला ठाऊक असतो. याहूनही भयंकर टोक आहे : मद्याचा अंमल आणि निराशा एकत्र आली म्हणजे तरुण स्वतःच्या जिवावर उठू शकतो. 'मी नसलो तर बरे होईल' असे शब्द पिणाऱ्याच्या तोंडून निघाले, तर ते दारूची बडबड म्हणून सोडून देऊ नयेत.

मग घरातल्या आणि मठातल्या शब्दांचे महत्त्व किती, हे सांगणे नको. 'तू कुळाला बट्टा लावलास', 'तुझे तोंड पाहू नये', 'उपदेशी म्हणवून घेतोस आणि असे करतोस', या वाक्यांनी अनुताप उत्पन्न होत नाही, आत्मधिक्कार मात्र खात्रीने वाढतो. पारायणाच्या दिवशी सगळ्यांसमोर ज्याला टोचून बोलले गेले, तो पुढच्या पारायणाला येत नाही; आणि पारायणाला न येणाऱ्याच्या स्मरणाचा जो एक धागा शिल्लक होता तोही तुटतो. बोलावयाचेच असेल तर एकांतात, तो शुद्धीत असताना, आणि प्रश्नाने आरंभ करून बोलावे : झोप लागते का? जेवण जाते का? मनाला काय लागले आहे? कधीपासून? उत्तर पहिल्या दिवशी मिळत नाही. विचारणारा परत येतो हे दिसले म्हणजे मिळते.

साध्या माणसाच्या अशा बोलण्याला सामर्थ्य असते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या शेजारीच आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने अपायकारक मद्यपान करणाऱ्या प्रौढ पुरुषांसाठी एक उपक्रम केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. थोडे प्रशिक्षण घेतलेले सामान्य स्त्री-पुरुष होते, आणि भेटी मोजक्याच, फार तर चार. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी 26 टक्के लोक अपायकारक मद्यपानातून बाहेर आले होते, समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के. मागील चौदा दिवसांत मद्याला मुळीच न शिवलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 18 व 42 टक्के होते. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेले रुग्ण या प्रयोगात नव्हते, त्यांना वैद्यकीय उपचारच लागतात; आणि समुपदेशनानंतरही बरेच जण सुटले नाहीत, हेही त्याच आकड्यांत दिसते. तरीही चार वेळा शांतपणे ऐकून घेण्याने जे घडते ते चाळीस वेळा दटावून घडत नाही, असे मानण्यास आधार मिळतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राचा पायाही माणसाला माणूस म्हणून वागविण्याचाच आहे.

सशाची लीळा

लीळाचरित्रात सशाची लीळा आहे. पारधी मागे लागलेला ससा जीव घेऊन धावत आला आणि सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयाला शिरला. पाठोपाठ पारधी आले व ससा मागू लागले. स्वामींनी शरण आलेल्याला देण्याचे नाकारले, पारध्यांना हिंसेपासून परावृत्त करणारे निरूपण केले, आणि मग त्या सशाला आदराने संबोधून जाण्यास सांगितले.

या लीळेचे चिंतन आजवर मुख्यतः अहिंसेच्या अंगाने झाले आहे आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात तिच्यातील आणखी एक अंग ध्यानी घेण्यासारखे आहे. शिकार हे सप्तव्यसनांपैकीच एक आहे. म्हणजे त्या ठिकाणी व्यथित जीवही होता आणि व्यसनी जीवही होते. स्वामींनी व्यथिताला अभय दिले, आणि व्यसनींना हाकून न लावता त्यांच्याशी बोलून त्यांना व्यसनापासून वळविले. पिणाऱ्या तरुणाच्या ठायी हे दोघेही एकाच देहात असतात. तो सशासारखा कशाला तरी भिऊन धावत असतो, आणि पारध्यासारखा स्वतःच्याच जिवाच्या मागे लागलेला असतो. त्याच्यातील सशाला अभय हवे आणि त्याच्यातील पारध्याला निरूपण हवे. केवळ अभय दिले तर पारधी मोकाट राहतो. केवळ निरूपण केले तर ससा पळून जातो. क्रमही लीळेत स्पष्ट आहे. अभय आधी दिले गेले, निरूपण नंतर झाले.

यास्तव मठाने व उपदेशी घरांनी करावयाचे ते फार अवघड नाही. नियम आहे तसाच सांगावा, त्यात पातळपणा आणू नये. नियम मोडलेल्यासाठी दार उघडे ठेवावे. शुद्धीत आलेल्याला पंक्तीत जेवू घालावे, पूजेला बसू द्यावे, झाडलोटीचे का होईना, एखादे नेमाचे काम द्यावे, कारण रिकामी संध्याकाळ ही त्याची मोठी शत्रू आहे. त्याच्या घरच्यांच्या, विशेषतः आईच्या व पत्नीच्या, दुःखाची वेगळी विचारपूस करावी. मारझोड होत असेल तर त्यांच्या रक्षणाला पहिले स्थान द्यावे, कारण अभयाचा अधिकार त्यांनाही तितकाच आहे. जवळच्या रुग्णालयाची, व्यसनमुक्ती केंद्राची माहिती मठात ठेवावी. मनाच्या व्यथेसाठी शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर अहोरात्र चालते. हा क्रमांक तरुणांच्या डोळ्यांसमोर राहील अशा ठिकाणी लिहून ठेवावा. आणि सुटलेला तरुण पुन्हा घसरला, तर त्याला पहिल्याच दिवसासारखे सामोरे जावे. व्यसनातून सुटणाऱ्यांपैकी पुष्कळांचे पाय एक-दोनदा घसरतात. घसरला म्हणून आधीचे सगळे वाया गेले असे होत नाही.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. उपदेशी घरातला तो मुलगा दोषी आहे आणि व्यथितही आहे. दोषाचे प्रायश्चित्त त्याला घ्यावेच लागेल, आणि ते घेण्याइतके बळ त्याच्या अंगी यावे म्हणून त्याच्या व्यथेचा भार काही काळ दुसऱ्यांना वाहावा लागेल. द्वारकेत यादव पुष्कळ होते. आपले दुःख घेऊन स्वामींपाशी जाणारे उद्धवदेव एकच निघाले. पुढच्या पिढीतील मुलांना ते दुःख कोणाजवळ तरी घेऊन जाता यावे, एवढी वाट मोकळी ठेवणे हे आजच्या वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.